होगलार चरावरची लग्नं

केरामत घटक लग्नं जमवत असे. त्याचा बापही तेच करायचा, म्हणून घराण्याला घटक हेच नाव पडलं होतं. होगलार चर म्हणजे मेघना नदीने समुद्राच्या तोंडाशी आणून टाकलेला गाळ. तिथे भात पिकायचा, सुपारी आणि नारळ व्हायचे आणि मुली उजवायच्या राहायच्या. मग केरामत छत्री काखोटीला मारून निघायचा.

घटकाचं बोलणं निम्मं करून घ्यावं, असा त्या मुलखाचा रिवाज होता. केरामतला तो ठाऊक असल्यामुळे तो सगळं दुप्पट करून सांगायचा आणि शेवटी बरोबर तेवढंच उरायचं. चकणी मुलगी असेल तर ती लाजेने नजर चुकवते, लंगडा मुलगा असेल तर तो खानदानी चालीने चालतो. सगळ्यात जास्त त्रास त्याला आंबियाने दिला होता. रंगाने काळी, ताडासारखी उंच आणि जिभेला हाड नाही. "माळ्यावरचं काढायला शिडी लागणार नाही," असं सांगून त्याने तिला चरावरच्या हबीबच्या गळ्यात घातली होती. हबीबने पुढे तक्रार केली नाही. शिडी खरोखरच लागली नाही.

केरामतची बायको सोखिना म्हणायची, "कयामतच्या दिवशी तुमचा हिशेब निघाला की बाकीच्यांनी खुशाल जेवून यावं. वेळ लागेल."

त्यांना मूलबाळ राहिलं नव्हतं. दोघंच असायची, दिवसभर एकमेकांना बोलायची आणि एका ताटात जेवायची.

त्या वर्षी रमजानच्या महिन्यात, भात कापणीला आलेलं असताना, बाजारातल्या कापडवाल्याचा रेडिओ वादळ येणार म्हणून सांगू लागला. आदल्या महिन्यातही तो असाच ओरडला होता. तेव्हा लोक रात्रभर जागले आणि सकाळी बघतात तर एक केळ आडवी झालेली. केरामतने घरी येऊन बातमी सांगितली तेव्हा सोखिना रोजा सोडायला चुरमुरे आणि खोबरं काढत होती.

"रेडिओवर पण घटकच ठेवलेत वाटतं," ती म्हणाली. "निम्मं करून घ्या."

तरी तिने शेळ्या आत घेतल्या.

वारा संध्याकाळपासूनच होता. पाणी आलं ते मध्यरात्रीच्या सुमाराला. दक्षिणेला काहीतरी चमकलं, केरामतला वाटलं कुणीतरी कंदील घेऊन येतंय. मग त्याच्या लक्षात आलं की कंदील अख्ख्या गावाएवढा रुंद आहे. त्याने सोखिनाला अंगणातल्या नारळावर ढकललं. जन्मात कधी झाडावर चढले नाही, हे तिने त्याही वेळी बोलून दाखवलं. पुढचं काम पाण्यानेच केलं. त्याने दोघांना उचलून शेंड्यापर्यंत नेलं. केरामतने झावळ्यांच्या बुडख्याला मिठी मारली आणि सोखिनाने त्याच्या कमरेला. लाट यायची, जायची, परत यायची. अशाच एका लाटेनंतर त्याची कमर हलकी झाली. त्याने हाका मारल्या. वाऱ्यात त्या त्याच्या त्यालाही ऐकू आल्या नाहीत.

सकाळी तो खाली उतरला तेव्हा छातीची आणि दंडांच्या आतल्या बाजूची कातडी झाडालाच राहिली होती. घर नव्हतं, घराची जागाही ओळखू येत नव्हती. त्याने सोखिनाला दुपारपर्यंत शोधलं. शोधण्यासारखं पुष्कळ होतं, पण ती त्यात नव्हती.

फिरता फिरता सुपारीच्या झाडावरून आवाज आला, "चाचा, पाठ करा."

आंबिया होती. तिने साडीने स्वतःला खोडाशी बांधून घेतलं होतं आणि साडीच्या आता चिंध्या झाल्या होत्या.

"पाठ केली," केरामत म्हणाला.

"आता काहीतरी फेका."

त्याच्याकडे लुंगीखेरीज काही नव्हतं. त्याने ती फेकली आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. आंबिया उतरली. तिच्या हातांची त्याच्यासारखीच दशा होती.

"हबीब?" त्याने विचारलं.

"नाही."

"मुलं?"

तिने मान हलवली. "चाची?"

"नाही," केरामत म्हणाला. मग दोघं बराच वेळ तिथेच थांबली, ती काठावर आणि तो पाण्यात, कुणाचं तरी कापड वाहत येईपर्यंत.

चरावर जे वाचले ते बहुतेक धट्टेकट्टे पुरुष. ज्याच्या हातात जोर होता तो झाडाला टिकला. पोरं टिकली नाहीत, म्हातारी माणसं टिकली नाहीत. बायकांनी एका हाताने झाड धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने पोरं, त्यामुळे त्याही टिकल्या नाहीत. बायकांमध्ये उरल्या आंबिया आणि शरूफची आई. ही म्हातारी घराच्या छपरावर बसून वाहत शेजारच्या चरापर्यंत गेली होती आणि तिथल्या लोकांनी परत आणून सोडल्यावर, आपण छप्पर तिकडेच विसरलो म्हणून हळहळत होती.

काही दिवसांनी हेलिकॉप्टर आलं आणि तांदूळ, घोंगड्या आणि परदेशी कपड्यांचे गठ्ठे टाकून गेलं. गावचा मातब्बर दलिलुद्दीन सिकदार याच्या वाट्याला लाल रंगाचा, गळ्याला केसाळ पट्टी असलेला बायकी कोट आला. थंडी होती, त्याने तो घातला. अफसार नावाड्याला गळ्यात बांधायचा रेशमी पट्टा मिळाला, त्याने तो नाव बांधायला घेतला. नाव नदीपासून तीन शेतं लांब, भातखाचरात जाऊन बसली होती. तरी तो तिला बांधून ठेवायचा.

तांदूळ होता, पण रांधणारं कुणी नव्हतं. पुरुष तीन विटांवर मडकं ठेवून बसायचे. भात कच्चा राहायचा नाहीतर करपायचा, तो तसाच खायचे आणि तिथेच लवंडायचे. कुणी दुसऱ्याला काही विचारत नव्हतं. उत्तर सगळ्यांकडे एकच होतं.

पौष लागल्यावर मातब्बराने केरामतला बोलावलं.

"घटक, माणसं जनावरं व्हायला लागली. काल दोघांनी एका पळीवरून डोकी फोडून घेतली. घरात बायका पाहिजेत."

"घरंच नाहीत, साहेब."

"बाई आली की माणूस घर बांधतो. उलटं कधी झालंय?"

"आणू कुठून? चरावर आहेत शरूफची आई आणि आंबिया."

"मग आंबियापासून सुरुवात कर." मातब्बराने कोटाची पट्टी सारखी केली. "माझाही संसार बुडालाय, एवढं ध्यानात असू दे."

आंबिया तळ्यातला खारा गाळ टोपलीने उपसत होती. केरामत काठावर बसला आणि घसा खाकरला.

"स्थळं आहेत," तो म्हणाला.

"कुणाची?"

"सगळ्यांची."

आंबियाने टोपली खाली ठेवली. "सगळ्यांची? मला एक मिळवायला तुम्हाला दोन पावसाळे लागले होते, चाचा."

"दिवस बदलले."

"मातब्बरपण?"

"त्यांच्याकडे कोट आहे."

"पाहिला." ती परत गाळाकडे वळली. "माझी इद्दत संपेपर्यंत माझ्यापुढे कुणाचं नाव काढू नका. संपल्यावर बघू. आणि चाचा, एका बाईवर हा चर भागणार आहे का? वर गौरनदीकडे जा. त्या गावांत टाकलेल्या आहेत, विधवा आहेत, बापाला जड झालेल्या आहेत. तुम्हाला त्यांची घरं माहीत आहेत. आजवर त्यांची दारं टाळून पुढे जात होतात."

"त्यांच्यापुढे या लोकांचं काय सांगू? सांगायला काही उरलंय का?"

"जे आहे ते सांगा."

"ते सांगायची सवय नाही," केरामत म्हणाला. तो हे चेष्टेत बोलला नव्हता.

"मग मी येते. बाईचा बाईवर विश्वास बसेल."

हे मातब्बराच्या कानावर गेलं तेव्हा त्याने चारचौघांत आंबियाला सुनावलं, "नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचं असतं. शरियत आहे ती. इद्दतीत घराबाहेर पाय टाकायचा नाही."

"बसते," आंबिया म्हणाली. "घर दाखवा."

मातब्बराने आजूबाजूला पाहिलं. नजर थेट समुद्रापर्यंत गेली, मधे अडायला काहीच नव्हतं. लोक खाली मान घालून उभे राहिले. त्या वादळानंतर चरावर पहिल्यांदाच कुणीतरी हसलं, आणि ते कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. मातब्बर म्हणाला की शरूफची आई बरोबर जात असेल तर त्याची हरकत नाही.

सगळ्यांनी मिळून अफसारची नाव खाचरातून ओढत नदीवर आणली. अफसार बोलत नसे. त्याची बायको आणि चार मुलं गेली होती आणि तो स्वतः नावेत अडकून वाचला होता. दोन दिवसांच्या वाटेत त्याने शीड असं धरलं की सावली बायकांवर पडावी. स्वतः उन्हात बसला. केरामतच्या ते लक्षात आलं आणि आंबियाच्याही आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिने भाताचं ताट आधी त्याच्याकडे सरकवलं.

पहिलंच घर मफिज गाछीचं होतं. मफिज खजुराच्या झाडांना मडकी बांधून रस काढायचा. त्याची मुलगी हजेरा, हिला मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तीन वर्षांनी परत पाठवली होती. मफिजने गरम गूळ आणि चुरमुरे पुढे ठेवले आणि सावध होऊन बसला.

"मुलाचं नाव तोराब," केरामत म्हणाला. "घर नाही."

"म्हणजे नवं बांधतोय."

"नाही. नाहीच."

"गुरं?"

"वाहून गेली."

"म्हणजे होती! गोठा भरलेला होता म्हणा."

"एक बैल होता. म्हातारा."

मफिजने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि विचार केला. "जमीन?"

"आहे, पण खारावली आहे. एकदोन पावसाळे काही पिकणार नाही. मुलाचं वय चाळिशीकडे. आधीची बायको आणि तीन मुलं गेली. रात्री ओरडून उठतो."

"केरामतमियाँ," मफिज कळवळून म्हणाला, "गरीब माणसाला असं घोळात घेऊ नका. नेहमीसारखं बोला. म्हणजे मला निम्मं तरी करता येईल."

"याचं निम्मं होत नाही, भाई."

"मग तुम्ही आलात कशाला?"

केरामत उठू लागला. त्याने छत्री शोधली. ती वाहून गेली होती हे त्याला अधूनमधून आठवायचं नाही.

तेवढ्यात दाराआडून हजेरानेच आंबियाला थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली. "बू, आत ये ना."

आंबिया आत गेली. कुडाची भिंत होती, बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"हात बघू," हजेरा म्हणाली. मग चटई सरकवल्याचा आवाज आला. "सगळ्यांचे असेच?"

"जे वाचले त्यांचे."

"पाणी परत येईल?"

"येईल. समुद्र आहे तो, दुसरं काय करणार?"

"आणि तरी मला ने म्हणतेस?"

"मी कुठे म्हणतेय? मी विचारायला आलेय. नको असेल तर नको म्हण, गूळ खाऊन पुढच्या घरी जाते."

"मारतो का?"

"आधी मारायचा. आता कातडी आखडलीय, हात वर जात नाही."

"आणि बरी झाल्यावर?"

"मी शेजारीच असते. माझे हात त्याच्यापेक्षा लांब आहेत."

शरूफच्या आईने तंबाखूची चिमूट तोंडात टाकता टाकता साक्ष दिली की हे खरं आहे.

"आधीची कशी होती?" हजेराने विचारलं.

"गुणाची होती. हसरी. झोपेत तो तिचं नाव घेतो. तुलाही ऐकावं लागेल, आत्ताच सांगून ठेवते."

बाहेर मफिजने केरामतकडे पाहिलं. स्थळाची असली जाहिरात त्याने आयुष्यात ऐकली नव्हती.

आत हजेरा उठली. मग म्हणाली, "घेऊ दे. माझा पहिला तर जागेपणीसुद्धा माझं नाव घेत नव्हता."

तिने स्वतःच्या हाताने गाठोडं बांधलं. मफिज आधी चिडला, मग रडला, मग रसाचं एक मडकं नावेत ठेवून आला. पुढच्या घरांतून काहींनी हाकलून दिलं, एकीच्या भावाने केरामतच्या अंगावर कुत्रं सोडलं. पण बातमी त्यांच्या पुढे पळत होती आणि काही बायका स्वतःहून नदीच्या घाटावर येऊन थांबल्या होत्या. एकीचं नाक कापलेलं होतं. एक केरामतला ओळखून म्हणाली, "काय घटकचाचा, आज माझं दार बरं दिसलं?" केरामतने तिला नावेत चढायला हात दिला.

परतल्यावर चराच्या काठावर सगळे पुरुष येऊन उभे होते. जे मिळालं ते घालून ते नटले होते. कुणाच्या अंगात गोऱ्या साहेबाचं जाकीट आणि खाली लुंगी, कुणाच्या डोक्यावर लोकरीची पोराची टोपी. मधोमध लाल कोटात मातब्बर. नावेतल्या बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी नावेतल्या बायकांकडे पाहिलं. 

"हे एवढेच?" नाक कापलेली म्हणाली.

"एवढेच," आंबिया म्हणाली.

"बरं."

शेजारच्या चरावरून मौलवी आणला आणि एका दुपारी सगळे निकाह लावले. ज्या जोडप्याचं "कबूल" म्हणून झालं ते बाजूला होऊन पळी आणि मडकं घेऊन निघून जायचं. मातब्बराच्या वाट्याला आलेल्या बाईने पहिल्याच दिवशी कोट उसवून त्याची जाडजूड गोधडी केली आणि दोघांच्या अंगावर घेतली. केरामत दिवसभर मौलवीच्या शेजारी बसून होता. कुणाची स्तुती करायची नव्हती, त्यामुळे त्याला काम नव्हतं.

आंबियाची इद्दत संपली त्याच आठवड्यात ढाक्याला लष्कराचा गोळीबार सुरू झाला. चरावर ही बातमी पोचायला वेळ लागला. केरामत आंबियाकडे गेला तेव्हा तिने चराला जिच्यावरून नाव पडलं त्या होगला गवताचं खोपट उभं केलं होतं.

"आता बोला," ती म्हणाली. "अफसारबद्दल. सरळ."

केरामतला दरदरून घाम फुटला. "त्याच्याकडे नाव आहे. शीड फाटकं आहे. दिवसात चार शब्द बोलतो. रात्री रडतो, पण आवाज न करता. भात त्याला येत नाही."

"आणि?"

"आणि काही नाही. सावली धरतो."

"ते मी पाहिलंय." ती चुलीत काटक्या सारत म्हणाली, "सांगा त्याला, हबीबचं आणि मुलांचं मी रोज नाव काढणार. त्याने त्याच्या माणसांचं काढावं. चालत असेल तर यावं."

अफसार संध्याकाळी आला. त्या दिवशी त्याने चारच्या वर शब्द काढले, असं शरूफची आई सगळीकडे सांगत सुटली.

मग आंबियाने केरामतलाही विचारलं. गौरनदीकडे एक विधवा होती, वयाने बेताची, स्वयंपाकात हात चांगला.

"माझं लग्न माझ्या बापाने जमवलं होतं," केरामत म्हणाला. "तो मेला."

"मी जमवते ना."

"तू खरं बोलतेस. माझ्याबद्दल खरं ऐकून कोण येईल?"

आंबिया हसली नाही. तिने परत कधी विषय काढला नाही. तेव्हापासून रात्रीचं जेवण त्याच्या खोपटात पोचायचं. कधी तिच्याकडून, कधी हजेराकडून.

मधे लढाई झाली, देश बदलला, झेंडा बदलला. चर इतका बाजूला होता की सैनिक तिकडे फिरकले नाहीत. पाऊस मात्र चांगला झाला आणि जमिनीतलं मीठ थोडं धुऊन गेलं. पुढच्या पौषात मफिज गाछी लेकीला बघायला आला, डोक्यावर गुळाच्या ढेपा घेऊन. हजेराच्या कडेवर मूल होतं. तोराब मडकी धूत होता. मफिजने जमीन पाहिली, खोपट पाहिलं, तोराबचे हात पाहिले, रात्री त्याचं ओरडणंही ऐकलं. सकाळी तो केरामतकडे येऊन बसला.

"सांगितलंत तसंच निघालं सगळं," तो खिन्नपणे म्हणाला. "मला वाटलं होतं, थोडं तरी खोटं असेल."

"मूल झालं, ते मी सांगितलं नव्हतं."

"ते तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"तेही खरं," केरामत म्हणाला.

मफिज आठवडाभर राहिला. जाताना केरामत त्याला नावेपर्यंत पोचवायला गेला. अफसार शीड बांधत होता. भरती उतरत होती आणि त्याला घाई होती.

"एक विचारायचं राहिलं," मफिज म्हणाला. "तुमच्या घरचं कोण गेलं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

त्या पहिल्या सकाळी आंबियाने विचारलं, त्यानंतर केरामतला ते कुणीच विचारलं नव्हतं. चरावर ज्याचा त्याचा आकडा ज्याला त्याला पुरून उरला होता.

"बायको," तो म्हणाला. "माझ्या कमरेला धरून होती."

"कुठे पुरली?"

"सापडली नाही."

"मग तिच्या नावाने फातिहा पढला असेल ना कुणी?"

"मौलवीने सगळ्यांसाठी मिळून पढला."

"ते वेगळं. नाव काय तिचं?"

"सोखिना," केरामत म्हणाला. "सोखिना खातून. तोंडाची फटकळ होती."

मफिजने गुळाचं रिकामं टोपलं खाली ठेवलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि चिखलात उभा राहून फातिहासाठी दोन्ही हात पसरले. केरामतनेही पसरले. आखडलेल्या कातडीमुळे त्याचे पुरते पसरत नव्हते. अफसारने घाईचं काही काढलं नाही. शिडाची दोरी पायाखाली दाबून तोही उभा राहिला, आणि पाणी उतरत राहिलं.